भेंडीचं टोक मोडू नका

मंडळी, आज मला बोलायचंय ते स्वतः भाजी तोडून विकत घ्यायच्या शेतांबद्दल, आणि तिथे भाव कसा असावा हा मुख्य मुद्दा आहे, त्याच्याकडे येतोच. हुरडा पार्टी आपल्याला माहितीय, महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरीही माहितीय. पण पावसाळ्यात दिवे घाट चढून सासवडकडे जा आणि शेतात उभ्या उभ्या वाटाण्याची शेंग सोलून खाऊन बघा. तोडल्या क्षणापासून दाण्यातली साखर कमी होऊन पिठूळपणा वाढायला लागतो, उन्हात अजून लवकर, त्यामुळे मंडईत पोचेपर्यंत ती गोडी राहत नाही.

आता भेंडी. इथे मी जरा वेळ घेणार आहे. भाजीवाल्याकडे भेंडीचं टोक मोडून बघणारे किती जण आहेत, हात वर करा. बघा, अख्खा हॉल! अहो पण हीच सवय आपण शेतात घेऊन जातो. मी एका शेतावर होतो तेव्हा एक फॅमिली सरीतून चाललेली, झाडावरच्याच भेंड्यांची टोकं कटाकट मोडत, एखादी पिशवीत, बाकीच्या तशाच लटकवून पुढे. मागून शेतकऱ्याची आई चालत होती. त्या माऊली एक शब्द बोलल्या नाहीत, मोडकी भेंडी दिसली की खुडायची आणि ओच्यात टाकायची, सरी संपेपर्यंत ओचा भरला, आणि ती भेंडी कोण घेणार, टोकाकडून काळी पडते ती. मला अजूनही त्याचा राग येतो.

आणि नुकसान तेवढंच नाही. भेंडीचं फूल एकच दिवस उमलतं, मग पाच-सहा दिवसांत भेंडी तोडायला येते, म्हणून शेतकरी एक दिवसाआड तोडा करतो. कोवळी कोवळी तुम्ही निवडून नेली आणि जरा मोठी, जरा वाकडी सोडली तर ती परवापर्यंत जून होते, आणि जून भेंडी झाडावर राहिली की झाडाची ताकद बी पोसण्यात जाते, नवीन भेंडी कमी लागते. गवार, काकडी, सगळ्यांचं हेच. म्हणून माझं म्हणणं आहे की तिथे गेल्यावर एक सरी मागून घ्यायची आणि त्या सरीतलं तयार झालेलं सगळं तोडायचं, वाकडंसुद्धा. देठाशी कात्रीने कापा. फुल बाह्यांचा शर्ट घाला, भेंडीच्या लवेने हात खाजतात. पालक कापा, मुळासकट उपटू नका, परत फुटतो.

पाच मिनिटं राहिली म्हणतायत, तर भाव. 2016 साली राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, त्यामुळे शेतकरी बांधावर थेट विकू शकतो. आपण म्हणतो, तोडणी आम्ही केली, क्रेट नाही, टेम्पो नाही, हमाली नाही, मग स्वस्त द्या. का म्हणून? आपण सरीत पाय देतो, फांद्या मोडतो, तो माणूस दिवसभर आपल्या मागे फिरतो, त्याची शेतातली कामं पडून राहतात. वाचलेला खर्च त्याचा आहे. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याचा जो भाव तोच शेतावर द्यायचा, वजनावर, आणि मोडलेली भेंडी आपल्याच वजनात धरायची. आता प्रश्न घेऊ, आधी मागच्या रांगेतल्या काकू.