आयत्या बिळात नागोबा, पण बीळ कुणाचं?

मंडळी, ‘आयत्या बिळात नागोबा’ असं आपण दुसऱ्याच्या कष्टावर बसणाऱ्याला म्हणतो. ही म्हण शिवारातलं खरं निरीक्षण सांगते. नागाला ना पाय, ना नखं. आपली काळी जमीन त्याला खणता येत नाही. खणतात उंदीर आणि घुशी. नाग त्यांच्या मागावर आत शिरतो आणि तिथंच राहतो. बिळात साठवलेली कणसं उकरून काढताना हात घालू नका, ते याचसाठी.

संस्कृतातली उंदराची दोन नावं बघा. मुष् म्हणजे चोरणं, त्यावरून मूषक. आणि आखू म्हणजे खणणारा. गणपती आखुवाहन, आणि यजुर्वेदात आखू हा रुद्राचा पशू. शेतकऱ्यानं दुसरं नाव ध्यानात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. ज्वारी चिकात आल्यावर धाटं तुटलेली दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो. खणणं मात्र त्याआधीच दिसतं.

धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, भुसभुशीत मातीचा ताजा ढीग आणि मातीनंच बुजवलेलं तोंड दिसलं, तर ती बहुधा लहान घूस. तिच्या बिळाला फाटे असतात, निसटायच्या वाटा असतात. नुसती कुदळ चालवली तर डोंगर पोखरूनही उंदीर हाती लागत नाही.

म्हणून आधी सगळी बिळं बुजवा. दुसऱ्या दिवशी ज्याचं तोंड उकरलेलं असेल किंवा ज्यावर ताजी माती आली असेल, तेवढीच चालू बिळं. तिथं काठी रोवून खूण करा. पुढचे दोन-तीन दिवस तेल लावलेला ज्वारीचा साधा भरडा, बिळामागं 20 ग्रॅम, ठेवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथंच सगळं फसतं. उंदीर अनोळखी खाण्याला बिचकतो, इवलंसं चाखतो, आजारी पडून वाचतो आणि मग त्या आमिषाला तोंड लावत नाही.

सवय लागली की 960 ग्रॅम भरडा, 20 ग्रॅम तेल आणि 20 ग्रॅम झिंक फॉस्फाइड काठीनं कालवा. 10 ग्रॅमची कागदी पुडी बिळात खोल सारून तोंड बुजवा. हे विष पोटातल्या आम्लाशी मिळून फॉस्फिन वायू सोडतं. त्यावर उतारा नाही. हातमोजे घाला, स्वयंपाकाची भांडी वापरू नका, कुत्री-कोंबड्या लांब ठेवा. उरलेल्या उंदरांसाठी लगेच तेच विष पुन्हा वापरू नका; ब्रोमाडिओलोन या दुसऱ्या उंदीरनाशकाची 0.005 टक्क्यांची तयार वडी ठेवा.

हे काम उन्हाळ्यात करा, रानात दुसरं खायला नसतं तेव्हा. आणि सगळ्या शिवारानं एकाच आठवड्यात करा, कारण एकट्यानं केलं तर शेजारच्या धुऱ्यावरचे उंदीर रिकाम्या बिळांत येतात. बाहेर येऊन मेलेले उंदीर सकाळीच गोळा करून खोल पुरा. ते घुबडांच्या पोटात जाता कामा नयेत. धामण दिसली तर मारू नका. ती बिनविषारी आहे आणि बिळात शिरून पिलंसुद्धा खाते.