मोतीची राखण

सकाळचे सात वाजलेत, सिंधुदुर्गातलं आमचं घर, आणि न्हाणीच्या चुलीजवळ उबदार राखेत आमचा कुत्रा मोती अजून वेटोळं करून पडलाय. आता त्याचा कान बघा. उजवा कान ताठ झाला की समजायचं माकडं आली, आपल्याला काही ऐकूसुद्धा येत नाही पण त्याला फणसावरचं पान हललेलं कळतं.

गेल्या साली या परसातला केळीचा एक घड आमच्या तोंडाला लागला नाही. लाल तोंडाची माकडं कळपानं येतात, पपईचा एक लचका तोडून बाकीची टाकून देतात, शहाळी पाडतात, काजूचं बोंड चोखतात आणि बी कोवळी असतानाच फेकून देतात. रात्री रानडुकरं कणगीचे कंद उकरून जातात, साळिंदर नारळाचं रोप बुंध्यातनं कुरतडतं. चार गुंठ्यांच्या परसात वर्षभराची मेहनत असते हो, आणि ती अशी सकाळी आडवी झालेली बघताना पोटात तुटतं.

लोकांनी काय करायचं बाकी ठेवलेलं नाही. बुजगावणं, जुन्या साड्या, चकाकणाऱ्या सीडी, गोफण, फटाके. दोन-चार दिवस चालतं, मग माकडाला कळतं की हे हलत नाही आणि मारतही नाही, संपलं. ती पाईपची कार्बाईड गन आहे ना, पाण्यात कार्बाईड टाकलं की अॅसिटिलीन गॅस होतो आणि लायटरच्या ठिणगीनं बार उडतो, ती मात्र आम्ही घरात येऊच दिली नाही. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात याच गननं कितीतरी पोरांच्या डोळ्यांना इजा झाली, काहींची नजर गेली.

मग मोती आणला. पण नुसता कुत्रा आणून भागत नाही हे पहिल्याच महिन्यात कळलं, कारण कुत्रा जमिनीवरचा आणि माकड झाडावरचं. ती आपली आंब्यावरून फणसावर, फणसावरून पोफळीवर आणि तिथनं थेट कौलांवर, आणि हा बिचारा खाली घसा बसेपर्यंत भुंकतोय. शेवटी गडग्याकडच्या, म्हणजे दगडी कुंपणाकडच्या, सगळ्या फांद्या छाटल्या, मधे पंचवीसेक फूट मोकळं केलं. आता परसात यायचं तर माकडाला खाली उतरावंच लागतं, आणि खाली मोती असतो.

त्यातही माणूस मागे पाहिजेच. तो भुंकला की आई हातातलं काम टाकून काठी आपटत बाहेर येते, मग कळप हटतो. एकदा घरात कोणीच नव्हतं तेव्हा मोठा नर उलटा अंगावर आला. हा खांद्यावरचा व्रण बघा, केस अजून नीट आलेले नाहीत, सात टाके पडले होते. रेबीजची लस दरवर्षी न चुकता देतो, रानातल्या जनावराशी भिडणाऱ्या कुत्र्याला ती द्यायलाच हवी.

आणि एक कळकळीनं सांगते, रात्री कुत्र्याला बागेत साखळीनं बांधून ठेवू नका. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या आत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, त्यात बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशोबानं ३९ टक्के कुत्रेच निघाले. बांधलेला कुत्रा पळू शकत नाही, लढू शकत नाही, तो राखण काय करणार? धनगर आपल्या कुत्र्यांना खिळ्यांचा पट्टा घालतात ते उगाच नाही.

रात्रीचं काम म्हणून झटका मशीनवर. सोलरवर चार्ज होणारी १२ व्होल्टची बॅटरी, कुंपणाच्या तारेत सेकंदाला साधारण एक झटका, व्होल्ट हजारांत पण झटका इतका क्षणभराचा की डुक्कर दचकून मागे फिरतं, मरत नाही. तारेखालचं गवत तेवढं कापत राहायचं, नाहीतर करंट गवतातनं जमिनीत जातो आणि तार नुसती नावाला उरते. घरातली लाईन मात्र तारेला कधीच जोडायची नाही, तो गुन्हा आहे आणि त्यानं जनावरं मरतात तशी माणसंही मेलीयत.

दिवेलागण झाली. आई हाक मारते, "मोती, चल रे आत," आणि तो परसाला एक शेवटची चक्कर मारून पडवीत येतो. दाराला कडी लागते. वर माळ्यावर गोणपाटात यंदाचा पहिला घड पिकायला ठेवलाय, आणि बाहेर अंधारात मशीनची टक, टक, टक चालू आहे.