काटा नेमके काय मोजतो?

श्रोतेहो, नमस्कार. साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढताना आपल्यापैकी काहींनी हा अनुभव घेतला असेल. पायथ्याशी पाव टाकी दाखवणारा पेट्रोलचा काटा चढणीवर लाल रेषेकडे झुकतो, पोटात गोळा येतो, आणि वर सपाटीला लागताच तोच काटा निमूटपणे आपल्या जागी परततो. पेट्रोल कुठेही गेलेले नसते. ते टाकीतल्या टाकीत एका बाजूला सरकलेले असते.

मुळात काटा पेट्रोल मोजतच नाही. टाकीत एका दांडीच्या टोकाला हलका फ्लोट बसवलेला असतो. पेट्रोलच्या पातळीबरोबर तो वरखाली होतो, दांडीचे दुसरे टोक विद्युतरोध असलेल्या पट्टीवरून घासत सरकते, आणि रोध बदलला की समोरचा काटा हलतो. अनेक जुन्या गाड्यांत ही वीज दोन धातूंची जोडपट्टी तापवीत असे आणि पट्टी वाकेल तसा काटा सरकत असे. म्हणून चावी फिरवल्यावर तो सावकाश वर येई. हा संथपणा सोयीचाच होता, नाहीतर आपल्या रस्त्यांवर पावसाळ्यात काटा खड्ड्याखड्ड्याला नाचला असता. आताच्या गाड्यांत तेच काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणा काही वेळाची सरासरी काढून करते. टाकी काठोकाठ भरल्यावर काटा बराच वेळ ढळत नाही, त्याचेही कारण फ्लोटच आहे. तो टाकीच्या माथ्याला टेकण्याआधीच त्याची धाव संपते आणि त्यावरचे पेट्रोल हिशेबात येत नाही.

इंजिन ऑइलसाठी मात्र अजूनही बहुतेक गाड्यांत डिपस्टिक, म्हणजे साधी धातूची पट्टी, असते, आणि मला तीच अधिक विश्वासाची वाटते. गाडी सपाट जागी उभी करावी, पणजीतल्या आल्तिनो टेकडीच्या उतारावर नव्हे. इंजिन बंद करून ऑइल खाली निथळायला काही मिनिटे द्यावीत. पट्टी बाहेर काढून फडक्याने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालावी आणि मगच वाचावी, कारण पहिल्या वेळी तिच्यावर उडालेले ऑइलच दिसते. पातळी दोन खुणांच्या मध्ये असली म्हणजे पुरे. वरच्या खुणेपलीकडे ओतलेले ऑइल क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरता दांडा, घुसळून फेसाळवतो.

कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, बाटली अर्धपारदर्शक असल्यामुळे पातळी बाहेरूनच दिसते. ती इंजिन थंड असताना पाहावी, आणि इंजिन तापलेले असताना कूलंटचे झाकण कदापि उघडू नये.

ब्रेक ऑइलच्या डबीत पुष्कळदा चुंबक असलेला छोटा फ्लोट असतो. पातळी उतरली की तो स्विच जुळवतो आणि लाल दिवा लागतो. ब्रेक पॅड झिजले की पातळी आपोआप थोडी खाली येते. माझ्या गाडीचे ब्रेक ऑइल दोनदा नुसते वरून भरून देण्यात आले. दिवा विझला, पॅड मात्र पत्र्यापर्यंत झिजत गेले. शिवाय नेहमीच्या वापरातले ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. जुलैच्या दमट हवेत डबी उघडी ठेवणे म्हणूनच वाईट. असे ओलावलेले ऑइल वरच्या खुणेला टेकलेले असते, दिवाही लागत नाही, आणि घाट उतरताना तापलेल्या ब्रेकांत त्याची वाफ होऊन पेडल मऊ पडते.