रोकड जुळेपर्यंत

(दृश्य: टेबलावर दोनशे पानी वही. पंख्याच्या वाऱ्यानं पान उडतंय, हात ते धरतो.)

पुणे, खराडी. एका सायबर सुरक्षा केंद्राचा सहावा मजला. समोरच्या भिंतीवर पडदेच पडदे आहेत, पण ते दाखवायची आम्हाला परवानगी नाही. तेव्हा इथे काम करणाऱ्या ताईंची ही वही बघा. वेळ, कोणाशी बोलणं झालं, तो काय म्हणाला. जिथे चुकलंय तिथे खाडाखोड नाही; एक आडवी रेघ आणि शेजारी छोटी सही.

आकडा खोडायचा नाही, छेद द्यायचा आणि सही करायची, हे ताईंना कुठल्या सायबर कोर्सनं शिकवलं नाही. ते ताई एका बँकेच्या काउंटरवर शिकल्या.

(दृश्य: सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. बँकेचं शटर अर्धं खाली.)

कामाचं स्वरूप असं की नाव सांगता येत नाही. केंद्रात सगळे त्यांना ताईच म्हणतात. बी.कॉम. झाल्यावर चार वर्षं त्या इथे, या जाळीमागे बसत होत्या. दुपारी शटर खाली आलं की रोकड जुळवायची. दहा रुपये कमी आले तर घरी जायचं नाही. आणि दहा रुपये जास्त आले, तरीही नाही.

आज त्या खूप दिवसांनी इथे आल्यात. जाळीवर हात ठेवून एक आठवण सांगतात. एक आजोबा मुदतठेव मोडायला आले होते, सोबत पुतण्या. कागद बरोबर, सही तंतोतंत. पण ताईंनी विचारलं, "आजोबा, पैसे कशाला हवेत?" तर आजोबांनी उत्तराआधी पुतण्याकडे बघितलं. ताई म्हणाल्या, "साहेब जेवायला गेलेत, उद्या या." दुसऱ्या दिवशी आजोबा एकटेच आले. ठेव मोडायला नव्हे.

सही खरी असून व्यवहार खोटा असू शकतो. सायबर सुरक्षेची अर्धी विद्या इथे आहे, आणि ती ताईंना या जाळीमागे मिळाली.

(दृश्य: हेडफोन, राउटरचे दिवे, त्यातला एक लाल.)

मग पुणे. इंटरनेट कंपनीच्या मदत केंद्रात चार वर्षं. दिवसाला साठ-सत्तर फोन, बहुतेक चिडलेल्यांचे. इंटरनेटवरच्या यंत्राचा आयपी पत्ता म्हणजे काय, वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारं डीएनएस कुठे अडतं, हे ताई फोनवर लोकांना समजावता समजावता शिकल्या. आणखी एक शिकल्या: पहिला मिनिटभर समोरच्याला बोलू द्यायचं. त्याचा राग ओसरला की तो खरं काय ते सांगतो.

(दृश्य: गणेशखिंड रस्ता, कॉसमॉस बँकेची इमारत.)

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत शिरलेल्या टोळीनं मधोमध एक बनावट स्विच, म्हणजे एटीएम आणि बँक यांच्यात निरोप पोचवणारी यंत्रणा, उभा केला. एटीएम विचारत होतं, पैसे देऊ का? उत्तर बँकेनं द्यायचं असतं. इथे ते बनावट स्विच देत होता: दे. २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये निघाले, भारतातून आणखी अडीच कोटी. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टमधून, म्हणजे बँका परदेशी व्यवहारांचे निरोप जिथून पाठवतात त्या यंत्रणेतून, १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला गेले. पुढे २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं अकरा जणांना दोषी ठरवलं.

ताईंनी ती बातमी मदत केंद्राच्या कँटीनमध्ये वाचली. त्या म्हणतात, "मला हल्ला कळला नव्हता. पण रोकड बाहेर चाललीय आणि खात्याला त्याचा पत्ता नाही, हे कळलं. हे तर माझं काम."

अभ्यास सुरू झाला. दिवसा ड्युटी, रात्री नेटवर्क आणि लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली. चौतिसाव्या वर्षी सिक्युरिटी प्लस ही सायबर सुरक्षेची परीक्षा पास. तरी मुलाखतींमधून त्या परत येत राहिल्या. एका ठिकाणी बायोडेटातल्या बँकेच्या ओळीवर पेन्सिलनं फुली मारून सांगितलं, हा अनुभव यात धरत नाही.

शेवटी या केंद्रानं त्यांना घेतलं. तो अनुभव धरायला हवा होता. का, ते ऐका.

(दृश्य: रात्र. रिकामा मजला, चहाचा कागदी कप, वहीवर वाकलेल्या ताई.)

लॉगमध्ये, म्हणजे यंत्रणेनं आपोआप ठेवलेल्या नोंदीत, वेळ २१:१०. ही जागतिक वेळ. त्यात साडेपाच तास मिळवायचे. म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीचे २:४०. एका ग्राहक कंपनीच्या हिशेब विभागातल्या माणसाच्या लॉगिन खात्यात परदेशातून कोणीतरी शिरलं. पासवर्ड बरोबर. नियमाप्रमाणे खातं बंद करा, तिकीट, म्हणजे घटनेची नोंद, लिहा, पुढचा अलर्ट, म्हणजे धोक्याचा इशारा, घ्या.

ताईंनी खातं बंद केलं आणि त्या माणसाला फोन लावला. वहीत शब्द जसेच्या तसे आहेत. "दादा, झोपमोड केली. चूक कोणाची ते विचारायला फोन केला नाही. दोन दिवसांत काय काय उघडलंत तेवढं सांगा." पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो बोलला. पुरवठादाराच्या नावानं बिल आलं होतं, पासवर्ड टाकूनही उघडेना, म्हणून त्यानं ती मेल शेजारच्या दोघांना पाठवली होती. त्या दोघांनीही पासवर्ड टाकला होता.

त्या दोघांबद्दल तोवर एकही अलर्ट आला नव्हता.

तिन्ही खाती बंद झाली. पैसे हलले नाहीत.

(दृश्य: कीबोर्डवर बोटं.)

मग लिहायचं काम. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशी घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. कोणी, काय, कधी, किती. घाबरलेल्या व्यवस्थापकाला पहाटे चार वाजता समजेल इतकं सोपं. ताई एका पानात लिहितात.

(दृश्य: शिरवळजवळच्या गावात बचत गटाची बैठक. सतरंजी, मांडीवर पोरं.)

सुट्टीच्या रविवारी ताई इथे. ओटीपी का सांगायचा नाही, पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन का करायचा, हे सांगतात. लाज वाटली तरी फोन करायचा, हे दोनदा सांगतात. बायकांचे चेहरे बघा.

(दृश्य: सकाळचे सात. खिडकीतून ऊन. शिफ्ट बदलतेय.)

नवा मुलगा आलाय, कॉम्प्युटर इंजिनिअर, नोकरीचा दुसरा आठवडा. तो रात्रीची नोंद वाचतोय. एका ओळीवर त्याचं बोट थांबतं: 'बोलताना ग्राहक घाबरलेला होता.'

"ताई, हे कशाला लिहायचं?"

ताईंनी पर्स खांद्याला लावली होती. ती त्या काढून ठेवतात आणि खुर्ची ओढून घेतात.