१ जूनची मुलं

त्याची जन्मतारीख १ जून. तशी ती अर्ध्या महाराष्ट्राची असते, शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली. याचं वय मात्र डॉक्टरांनी दात आणि हाडं बघून ठरवलं, तारीख मग कागदावर आली. त्या कागदाप्रमाणे तो अठराचा झाला आणि बालगृहातून बाहेर पडला.

हातात पत्र्याची पेटी. दोन जोड कपडे, प्लास्टिकच्या पिशवीत दहावीचं मार्कशीट आणि आधार कार्ड. आधारवर पत्ता अजून बालगृहाचाच.

इतकी वर्षं घंटेवर उठला, घंटेवर जेवला. शंभर ताटांत वरण वाढलंय त्यानं. पण पाव किलो तूरडाळ केवढ्याला, हे कधी विचारावं लागलं नव्हतं. आता कॉट बेसिसवर जागा बघायला गेला, की पहिला प्रश्न येतो, "गाव कुठलं? वडील काय करतात?"

मुलींचं निराळं. अठरा भरत आले की स्थळं बघायला सुरुवात होते. पुनर्वसन म्हणायचं त्याला!

२०१५ च्या बाल न्याय कायद्यात या मुलांसाठी ४६ वं कलम आहे. पण मदत 'देता येईल', एवढंच ते म्हणतं. 'द्यावीच लागेल' असं नाही. नियमांत २१ वर्षांपर्यंत, अपवाद म्हणून २३ पर्यंत, अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, सोय आहे. केंद्राच्या 'मिशन वात्सल्य' योजनेत त्यासाठी प्रत्येकाला महिन्याला ४,००० रुपये धरलेत. अनुरक्षणगृहं मात्र जिल्ह्याजिल्ह्यांत नाहीत. आणि अर्ज करायचा असतो, हेच बाहेर पडणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं.

२०१८ मध्ये महाराष्ट्रानं अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण दिलं. मोठीच गोष्ट. त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं. ज्याला कुणीच नाही, त्यानं कुणी नसल्याचे कागद जमवायचे. बालगृहातली जुनी फाईल सापडली तर बरं.

दिवाळीत मेस बंद झाली. खोलीतले तिघेही आपापल्या गावी गेले. दुसऱ्या दिवशी त्यानं बालगृहातल्या मावशींना फोन लावला.

"ये की रे बाळा, फराळाला ये," मावशी म्हणाल्या. मग जरा थांबून, "राहायचं मात्र साहेबांना विचारावं लागेल हं. तुझं नाव आता रजिस्टरला नाही ना."