थर भाजू दे

नमस्कार श्रोतेहो.

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की आमच्याकडे फोन वाजायला लागतात. पुण्याची मामेबहीण, ठाण्याचे भाचे, यजमानांचे जुने स्नेही. पहिलं वाक्य ठरलेलं, "तुमचं काय बाई, गोव्यात राहता, सुशेगाद!" आणि लगेच दुसरं, "आम्ही पंचवीसला पोचतोय, सहा जण." सुशेगाद हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, अर्थ निवांत. पाहुण्यांना आपण तो इतका वाटला, की घरच्यांना पुरलाच नाही.

तसा हा महिनाच भरगच्च. ३ तारखेला जुन्या गोव्यात सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, फेस्त, ८ला पणजीच्या चर्चचं, मध्ये दत्तजयंतीला सांखळी, १९ला मुक्तिदिन. मग नाताळ. घरावर नखेत्र, म्हणजे नाताळची चांदणी, लागो न लागो, धावपळ मात्र सगळ्यांच्या दारी.

दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. चोविसाची दुपार. गॅसवर दोन पातेली, पाहुणे वाटेत, आणि यजमान म्हापशाहून नारळ सोडून बाकी सगळं घेऊन आलेले. मी तडकले. नारळ मागायच्या निमित्ताने शेजारच्या आंटीकडे गेले, खरं तर गाऱ्हाणं सांगायला.

आंटी मागच्या पडवीत बुटक्या पाटावर बसल्या होत्या. बेबिंका, हा आमचा थराथराचा नाताळी गोड पदार्थ, चालली होती. मैदा, नारळाचा रस, साखर, अंड्याचं पिवळं आणि तूप, एवढंच तर सामान. पण ओतायचं पळीपळीने. झाकणावर निखारे ठेवून एक थर वरून तांबूस झाला, की त्यावर तूप आणि मग दुसरा. निदान सात थर. घाई करून कच्च्यावर ओतलं तर थर राहत नाहीत, नुसता गोळा होतो. या बेबिंकेला २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळालं, पण निखाऱ्याला त्याचं काय?

मी तोंड उघडलं तोच आंटींनी हात वर केला. "राव गो बाय." म्हणजे थांब गं बाई. "हा थर भाजू दे."

मी बसले. दहा-पंधरा मिनिटं आम्ही दोघी त्या झाकणाकडे बघत होतो. थर झाला तेव्हा माझं अर्धं गाऱ्हाणं मलाच आठवेना.

आंटी काही साध्वी नाहीत हं. पावाला उशीर झाला की पदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल वळेपर्यंत त्यांचा आवाज वाड्यावर ऐकू येतो. पण एका वेळी एकच थर, हे त्यांना जमतं. मला अजून पुरतं जमत नाही. काही गोष्टी मात्र मी सोडून दिल्या आहेत.

पहिली म्हणजे विमानतळाच्या फेऱ्या. दक्षिणेला दाबोळी होताच, २०२३ च्या जानेवारीपासून उत्तरेला मोपाही सुरू झाला. पाहुणे तिकीट काढताना कुठला ते बघत नाहीत, आणि मडगावचा माणूस मोपापर्यंत गाडी हाकतो. आता मी फोनवरच सांगते, टॅक्सी नाहीतर बस घ्या, जेवण तयार असेल. कुणी रागावलं नाही. कळंगुटला संध्याकाळी घेऊन जाणंही बंद. त्यापेक्षा रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला नेते. पाणी, वारा, मुलं खूश, आणि हॉर्न नाही.

दुसरं, सगळं पंचविसालाच व्हायला हवं हा हट्ट. नाताळ एका दिवसात आटपत नाही. ६ जानेवारीला रेइश मागूशला, चांदरला तीन राजांचं फेस्त होतं, तोवर सण चालूच. कुणाकडे अठ्ठाविसाला गेलात, तर यजमानीण जास्त मोकळी भेटते आणि दोदोल तेवढाच गोड लागतो. नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्या, विकत आणल्या तरी चालतात. हे माझ्या सासूबाईंना ऐकू गेलं नाही म्हणजे मिळवली.

आणखी एक. आंटींचा मोठा मुलगा तारवटी आहे, बोटीवर. गेले तीन नाताळ तो घरी नव्हता. चर्चमधल्या मिसाहून परतल्यावर आंटी फोन हातात धरून बसतात, बंदरात नेटवर्क मिळेल म्हणून. गोव्यात अशी घरं कितीतरी. तिथे 'आनंदात राहा' म्हणायला जाऊ नका. जा, बसा, मुलाचं नाव काढा. बोलायचं असेल तर त्या बोलतील. मी गेल्या वर्षी गेले, तेव्हा आम्ही त्याच्या लहानपणच्या खोड्यांवर तासभर हसलो. दुसऱ्या दिवशीचं माझं स्वयंपाकघर जसंच्या तसं पडून होतं, त्याचं काही वाटलं नाही.

चवथीला आमच्याकडून त्यांना नेवऱ्या जातात, नाताळात त्यांच्याकडून आम्हाला कुसवाड, म्हणजे गोडधोडाचं ताट, येतं. ताट रिकामं परत द्यायचं नाही हा दोन्ही घरांचा नेम. गेल्या वर्षीचं त्यांचं एक ताट अजून माझ्या फडताळात आहे. लाडू वळून झाले, की आज संध्याकाळी नेऊन देते.

देव बरें करूं.