बुवा सोडा, भक्तांकडे बघा

नमस्कार मंडळी. विषय बोर्डावर आहेच, पंथांच्या बातम्या आणि ब्रिटिश टीव्हीवरची जुनी कॉमेडी. या दोघांचा काय संबंध असं मघाशी चहाच्या वेळी तीन-चार जणांनी विचारलं. तर मला म्हणायचंय ते असं, की कुठल्या पंथात काही भयंकर घडलं की बातम्या आपल्याला बुवा दाखवतात, आणि चांगली कॉमेडी भक्त दाखवते, आणि बुवा तयार कसा होतो ते कळायला भक्तच बघावे लागतात. हे मी क्रमाने मांडणार आहे, पण आधी एक किस्सा सांगू द्या, त्याच्याशिवाय पुढचं उभंच राहत नाही.

९ नोव्हेंबर १९७९. बीबीसी टूवरचा रात्रीचा गप्पांचा कार्यक्रम, यजमान टिम राइस. एका बाजूला जॉन क्लीझ आणि मायकेल पेलिन, म्हणजे १९६९ पासून बीबीसीवर धुमाकूळ घातलेल्या मॉन्टी पायथन या विनोदी कंपूतले दोघं. समोर माल्कम मगरिज, नावाजलेले पत्रकार, आणि सदर्कचे बिशप मर्विन स्टॉकवुड, गळ्यात मोठा क्रॉस. वाद कशावर, तर पायथनवाल्यांच्या ‘लाइफ ऑफ ब्रायन’ या सिनेमावर. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तो पाहिलाय हे मला माहितीये, पण ज्यांनी नाही पाहिला त्यांच्यासाठी सांगतो. ब्रायन नावाचा एक साधा पोरगा, येशूच्याच दिवशी शेजारच्या गोठ्यात जन्मलेला. तीन ज्ञानी पुरुष चुकून आधी त्याच्याकडे येतात, भेटी देतात, मग चूक लक्षात आल्यावर परत येऊन भेटी काढून घेतात आणि खऱ्या गोठ्याकडे जातात. पुढे येशूचं प्रवचन आहे, तेही अगदी आदराने घेतलंय, गंमत आहे ती मागे उभं राहून नीट ऐकू न आलेल्या लोकांची. म्हणजे ब्रायन वेगळा आणि येशू वेगळा हे पहिल्या काही मिनिटांतच स्वच्छ होतं.

आणि आता ऐका, वादाच्या आधी त्यांच्यासाठी सिनेमा दाखवला, तर मगरिज आणि बिशप दोघंही उशिरा पोचले. सुरुवातीचा सगळा भाग हुकला! जे बघितलंच नाही त्यावर तावातावाने बोलत होते. मगरिज सिनेमाला फालतू म्हणतायत, बिशप शेवटी तीस चांदीच्या नाण्यांचा टोमणा मारतायत, म्हणजे समोरच्याला सरळ ज्युडास, पैशासाठी येशूला दगा देणारा शिष्य, ठरवतायत, आणि एरवी इतका शांत असणारा पेलिन रागाने धुमसतोय. मला हे रेकॉर्डिंग बघताना दरवेळी संताप येतो. हे मगरिज स्वतः १९५० च्या दशकात ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचे संपादक होते हो! विनोदाची कात्री कुठे चालते हे त्यांच्याइतकं कोणाला कळायला हवं होतं? आणि पायथनवाल्यांनी तर लिहायला बसण्याआधी बायबल वाचलं होतं, वाचून त्यांच्या लक्षात आलं की येशूच्या शिकवणीत टिंगल करण्यासारखं काही नाही, टिंगल करायची तर ती ऐकणाऱ्यांची. नंतर ‘नॉट द नाइन ओक्लॉक न्यूज’ या विनोदी कार्यक्रमवाल्यांनी या वादाची नक्कल केली, रोवन ॲटकिन्सन बिशप झाला आणि त्याच्यावर आरोप काय, तर त्याने मॉन्टी पायथनच्या भक्तांच्या भावना दुखावल्या. यूट्यूबवर आहे, जरूर बघा.

अजून एक सांगतो, मग मुद्द्यावर येतो. ईएमआय या कंपनीने ऐनवेळी पैसे काढून घेतले तेव्हा हा सिनेमा कोणी वाचवला? जॉर्ज हॅरिसनने, बीटल्सवाला, घर गहाण टाकून. आणि हा माणूस कृष्णभक्त! १९७३ मध्ये लंडनजवळ हरे कृष्ण मंडळींना मंदिरासाठी अख्खी हवेली देणारा. म्हणजे श्रद्धा असलेल्या माणसाला हा सिनेमा झोंबला नाही, उलट त्याला तो पडद्यावर बघायचा होता म्हणून त्याने घर लावलं पणाला. मला या माणसाबद्दल फार आदर आहे.

पुढे सिनेमावर नॉर्वेत बंदी, आयर्लंडमध्ये तर १९८७ पर्यंत. स्वीडनमध्ये जाहिरात काय केली, इतका विनोदी की नॉर्वेत बंदी घातली! आणि १९९५ मध्ये चॅनल फोरवर ‘फादर टेड’ ही विनोदी मालिका आली त्यात हेच आहे, बिशप दोन पाद्र्यांना एका सिनेमाविरुद्ध फलक घेऊन उभं करतो आणि त्यामुळेच बेटावरचे सगळे लोक तो बघायला जातात.

चिठ्ठी आलीये, पाचच मिनिटं म्हणतायत. बरं, मग भरभर.

ब्रायनचं शूटिंग ट्युनिशियात नोव्हेंबर १९७८ मध्ये संपलं, आणि त्याच महिन्यात, १८ तारखेला, गयानात जोन्सटाउन घडलं. जिम जोन्स या अमेरिकन बुवाच्या पीपल्स टेम्पल पंथाची ती वस्ती, तिथे नऊशेच्या वर लोक मेले, बहुतेक विषाने, त्यात तीनशेहून जास्त मुलं. पुढचे कित्येक दिवस बातम्यांत काय, तर जोन्सचा काळा चष्मा आणि वरून काढलेले मृतदेहांचे फोटो. बघणारा म्हणतो, वेडे होते, आपण नाही असे. आता ब्रायन बघा. तो पळतोय, लोक मागे लागलेत, त्याची चप्पल पडते, एक गट म्हणतो ही खूण आहे, दुसरा म्हणतो चप्पल नको भोपळा धरा, पंथ तयार आणि फूटसुद्धा पडली. तो ओरडतो मी मसीहा नाही, तर उत्तर येतं, खरा मसीहाच असं नाकारतो! इथे बुवाची गरजच नाही, सगळं गर्दी करतेय. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात हेवन्स गेट पंथाच्या ३९ लोकांनी धूमकेतूमागून आपल्याला न्यायला यान येतंय म्हणून आत्महत्या केली, त्यांच्यातल्या काहींनी दुर्बीण घेतली होती, यान दिसेना म्हणून दुकानात परत केली, अशी बातमी होती. म्हणे दुर्बीणच खराब असणार! पुरावा उलटा गेला की विश्वास अजून घट्ट होतो, हे बातमीत एका ओळीत उरकलं आणि पायथनवाल्यांनी अठरा वर्षं आधी सविस्तर दाखवलं होतं.

पुण्याला हे परकं नाही. कोरेगाव पार्कात १९७४ पासून रजनीशांचा आश्रम, पाश्चात्त्य लोकांची रीघ, १९८१ ला मंडळी ओरेगॉनला गेली, आणि १९८४ मध्ये त्यांच्यातल्या काहींनी स्थानिक निवडणुकीत विरोधी मतदार मतदानाला येऊ नयेत म्हणून तिथल्याच द डॅल्स गावातल्या हॉटेलांच्या सॅलड बारमध्ये जंतू कालवले, ७५१ लोक आजारी पडले. तिथे काम करणारे बरेचसे शिकलेले, हुशार लोक होते. आपण मात्र अजून रजनीशांच्या रोल्स रॉइस किती होत्या तेच मोजत बसतो.

आणि जिथे कॉमेडी कमी पडते तेही सांगायला हवं, वेळ नाही तरी. बाहेर पडणं किती महाग असतं ते तिला दाखवता येत नाही. अमेरिकन काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, सदस्य लिओ रायन जोन्सटाउनला गेले तेव्हा काही लोकांनी गुपचूप चिठ्ठ्या दिल्या, आम्हाला इथून न्या. त्यातले काही निघाले, आणि विमानाजवळच गोळीबार झाला, रायन मारले गेले. विष पिण्याची तालीम तर त्या लोकांकडून आधीच करून घेतलेली होती. ज्यांना निघायचं होतं ते तिथे होते, नेहमीच असतात, आणि बातमी त्यांना भक्त म्हणून एकाच टोपलीत टाकते. त्यामुळे कोणाच्या घरातलं माणूस अशा ठिकाणी असेल तर त्याच्यावर हसू नका, फोन चालू ठेवा, परतीच्या प्रवासाचं भाडं पाठवायची तयारी ठेवा. प्रश्न असतील तर बाहेर भेटू, हॉल द्यायचाय.